कटात न विरघळणारा ब्रेड

माझी सांगलीत एसटी स्टँडजवळ मिसळ आणि कटवड्याची गाडी आहे. सतरा वर्षं झाली. आमचे हे वडे तळतात, मी कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, आणि गल्ला सांभाळते. तेव्हा पाव-ब्रेडकडं बघायची माझी नजर धंद्याची आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना बेकरीत बसून कॉफी प्यायची आहे, फोटो काढायचे आहेत, त्यांनी पुढं वाचायचे कष्ट घेऊ नयेत. मी जिच्याबद्दल लिहिते आहे त्या लाकडावरच्या भट्टीत बसायला एक मैद्याचं पोतं आहे आणि तेही बहुतेक वेळा मांजरानं धरलेलं असतं.

स्टँडवरचं गिऱ्हाईक कसं असतं बघा. एक डोळा ताटलीवर, एक फलाटावर. मिसळ समोर येते, तो ब्रेड मोडून कटात टाकतो, तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "तासगाव लागली, तासगाव!" हा उठून पळत जातो, बघतो तर गाडी विट्याची. परत येऊन बसतो. मधे दोन-तीन मिनिटं गेलेली असतात. तेवढ्या वेळात ब्रेडचं काय होतं, ती माझी परीक्षा. पाकिटातल्या ब्रेडची खीर झालेली असते. गिऱ्हाईक तोंडानं काही बोलत नाही, नुसता चमचा फिरवत बसतं आणि दुसऱ्यांदा ब्रेड मागत नाही. भट्टीचा ब्रेड वरून लालभडक होतो, पण आत दम धरून असतो. चमच्यानं तोडावा लागतो. कोल्हापूरसारखा आमच्याकडंही मिसळीला ब्रेड चालतो, पाव मागणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. त्यामुळं या परीक्षेत नापास झालेला ब्रेड मला परवडत नाही.

पास होणारा ब्रेड गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या, एका भट्टीचा. बोर्डावरची अक्षरं २००५ च्या पुरात गेली, ती परत कुणी रंगवली नाहीत. आम्ही नुसतं 'भट्टी' म्हणतो आणि मालकांना 'चाचा'. मी लिहिणार आहे असं सांगितलं तर म्हणाले, "लिव्हा की वैनी, पण पत्ता घालू नका. दोनशे लोकं आली तर त्यास्नी पाव कुठनं देऊ?" म्हणून पत्ता देत नाही. पहाटे पाचला गावभागात उभं राहा आणि नाकाला विचारा.

भट्टी विटांची, घुमटाची, जुनी. रात्री अकराच्या सुमाराला आत बाभळीची लाकडं पेटवतात. दोन-अडीच तास जाळ झाला की निखारे आणि राख ओढून बाहेर काढतात, तळावरून ओल्या पोत्याचा बोळा फिरवतात आणि तोंडाला पत्रा लावून भट्टी जरा वेळ गप्प ठेवतात. तेवढ्यात सगळीकडची धग सारखी होते. त्यानंतर आत जाळ नसतोच. जे भाजतं ते विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर. पहिली धग कडक, तिच्यावर पाव. ती थोडी उतरली की ब्रेडचे साचे. मग खारी आणि बटर, मग नानकटाई आणि बिस्किटं. आणि शेवटी भट्टी नुसती कोमट उरली की आदल्या दिवशीच्या ब्रेडचे तुकडे टोस्ट व्हायला आत जातात आणि दुपारभर तिथंच पडून राहतात. एका जळणावर एवढ्या मालाची रांग लागते. पहाटे पाचला जाऊन ताजी नानकटाई मागितलीत तर चाचांचं बोलणं खाल, आणि चूक तुमची असेल.

पीठ आदल्या संध्याकाळी भिजवतात. ईस्ट थोडं घालतात आणि वेळ भरपूर देतात. मी एकदा विचारलं होतं, जास्त घालून लवकर का उरकत नाही. म्हणाले, घाईनं फुगलेला पाव घाईनं बसतो. हे खरं आहे. सकाळी सातचा त्यांचा पाव दुपारी बाराला वड्याखाली दाबला तरी परत वर येतो.

आता मालाचं एकेक.

पाव उत्तम. बारा पावांची लादी मला ३६ रुपयांना, सुटी घेणाऱ्याला ४२. कधी कधी भट्टीच्या मागच्या कोपऱ्यातल्या लादीचा तळ काळा निघतो, तेवढी बघून घ्या, चाचा मुकाट्यानं बदलून देतात. ब्रेडबद्दल वर सांगितलंच. फक्त मशिनवर कापून घेऊ नका, पातळ कापतं. मी अख्खा आणते आणि गाडीवर सुरीनं अंगठ्याएवढा जाड कापते. टोस्ट इतका कडक की आमच्या सासूबाई त्याला 'कवळीची परीक्षा' म्हणायच्या, पण चहात बुडवला की त्याच्यासारखा दुसरा नाही. बेदाण्याचा बन गुरुवारी आणि रविवारीच असतो. बेदाणा तासगावचा, त्यात काटकसर करत नाहीत.

खारी मला आवडत नाही. डालडा टाळूला चिकटतो. क्रीम रोल तर घेऊच नका, पोरांनी कितीही हट्ट केला तरी. मी हे चाचांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. ते म्हणतात, "क्रीमरोल मी बी खात न्हाई."

दुकान म्हणून बघाल तर मार्क कमीच द्यावे लागतील. फरशी ओली असते, पिशवी मिळत नाही, सुट्ट्या पैशांवरून रोज वाद. पैशांसाठीचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद मुलानं चिकटवून दिलाय, पण पैसे आले की नाही हे चाचांना कळत नाही, ते तुमच्या तोंडाकडं बघून ठरवतात. शुक्रवारी दुपारी बंद. साडेसातनंतर पाव मिळाला तर नशीब.

आता माझी लबाडी सांगते, नाहीतर हे सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वी एक टेम्पो आमच्या गाडीपाशी थांबायला लागला. कुठल्या कारखान्याचा ते सोडा. पोरगा गोड बोलायचा. "मावशी, जागेवर देतो, उरला तर परत नेतो, लादी ३१ ला." मला दिवसाला चौदा लाद्या आणि दहा ब्रेड लागतात. हिशोब केला तर रोजचे शंभरेक रुपये वाचत होते, वर पहाटे साडेचारला उठून गावभागात जायचं वाचत होतं. महिन्याला तीन हजार. पोरीची कॉलेजची फी डोक्यावर होती. मी भट्टीकडं जायची बंद झाले. चाचांना सांगितलंही नाही. नुसती गेले नाही. आठ महिने.

टेम्पोचा पाव वाईट होता असं म्हणणार नाही. मऊ होता, रोज एकसारखा, कधी करपलेला नाही. ब्रेडची खीर होत होती, पण मी मिसळीबरोबर ब्रेड वेगळ्या ताटलीत द्यायला लागले, म्हणजे दिसायचं नाही. अशा युक्त्या आपल्याला पटकन सुचतात.

मग गणपतीत टेम्पो आलाच नाही. फोन केला तर उचलेनात. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी भट्टीसमोर उभी. चाचांनी वर बघितलं.

"किती?"

"चौदा."

"आठ हायत. बाकीचं उद्यापासनं धरतो."

एवढंच बोलणं. आठ महिन्यांबद्दल एक अक्षर नाही. मी मनात उत्तर तयार करून गेले होते, फीचं, महागाईचं, ते तसंच राहिलं. घरी येताना लक्षात आलं की पूर्वी भट्टीत रात्रीचे दोन कारागीर दिसायचे, आज एकच होता. नंतर विचारलं. दुसरा उत्तर प्रदेशातला, त्याला गावी पाठवून दिला होता. कारण स्टँडच्या आसपासच्या आम्ही सहा गाडीवाल्यांनी एकाच सुमाराला टेम्पो धरला होता. आम्ही सहा जणांनी काही ठरवलं नव्हतं. प्रत्येकानं आपापले शंभर रुपये वाचवले. 'आठ हायत'चा अर्थ तो होता.

टेम्पोचं पुढं काय झालं तेही ऐका. गावभागातली दुसरी एक छोटी बेकरी मधल्या काळात मिटली, तिथं आता मोबाईलचे कव्हर मिळतात. ती मिटल्यावर दोन महिन्यांत टेम्पोची लादी ३१ वरून ३८ झाली आणि उरलेला माल परत न्यायचं बंद झालं. म्हणजे आता तो चाचांपेक्षा महाग आहे. तरी आमच्यातले तिघं अजून त्याच्याकडूनच घेतात, कारण जागेवर येतो. मी त्यांना काय बोलणार?

पाकिटाच्या ब्रेडचा मला मुळातून राग नाही. लहानपणी आम्ही बुधगावला होतो, तेव्हा पाकिटाचा ब्रेड म्हणजे मॉडर्न, आणि तो आजारी माणसासाठी यायचा. ताप आला की दुधात ब्रेड. आम्ही भावंडं ताप यायची वाट बघायचो. तो सरकारी होता हे मला गेल्या वर्षी कळलं. पोरीनं मोबाईलवर वाचून दाखवलं: १९६५ साली सुरू झालेली सरकारी कंपनी, २००० साली हिंदुस्थान लिव्हरला विकली, आणि हातं बदलत बदलत आता ती मेक्सिकोच्या एका बड्या ब्रेडवाल्या कंपनीकडं गेली. मी हे चाचांना सांगितलं. ते लादी सोडवत होते. म्हणाले, "मेक्सिको म्हंजे कुठं आलं?" मी म्हटलं, "लांब." "मग त्यास्नी आयर्विनचं फूट कोण इचारतंय."

सांगलीबाहेरच्यांना हे कळायचं नाही. पाऊस लागला की आम्ही एकमेकांना हवामान विचारत नाही, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. आमची गाडी आम्ही आधीच विश्रामबागला भावाच्या दारात नेऊन लावली होती. गाडीला चाकं असतात, भट्टीला नसतात. चाचांनी मैद्याची पोती माळ्यावर चढवली होती, पाणी माळ्यावर गेलं.

पाणी उतरल्यावर भट्टीच्या पोटातला गाळ काढायलाच चार दिवस लागले. खरं काम त्याच्या पुढं. विटांनी पाणी प्यायलेलं असतं. एकदम जाळ घातला तर आत वाफ धरते आणि विटा तडकतात. म्हणून आधी नुसती रद्दी जाळायची, मग भुसा, मग चिपाडं, रोज थोडी थोडी धग वाढवत न्यायची, बाळंतिणीला शेक द्यावा तशी. मी तेव्हा जाऊन बसायचे, कारण आमचाही धंदा बंदच होता. भट्टीच्या तोंडातून पांढरी वाफ यायची, वास नदीचा. वीस दिवस असं चाललं. त्यानंतर पहिली लादी निघाली ती खालून कच्ची, वरून करपलेली. ती चाचांनी गल्लीत फुकट वाटली आणि लोकांनी खाल्ली.

त्या दिवसांत गावभागात पाकिटांचा खच पडला होता. सगळ्या महाराष्ट्रातून मदत आली, बिस्किटं, ब्रेड, फरसाण, पाण्याच्या बाटल्या. आम्हीही ती खाऊनच दिवस काढले, उपकार विसरत नाही. पण भट्टी सुरू झाली तेव्हा प्रत्येक घरात बिस्किटांचे पुडे शिल्लक होते. बटर आणि टोस्ट घेणार कोण? चाचा हसत म्हणायचे, "एक म्हयना पाण्यानं नेला, दुसरा पुड्यांनी."

लगेच पुढच्या वर्षी लॉकडाऊन. आमची गाडी बंद झाली तेव्हा भट्टीच्या वहीत माझ्या नावावर ४,३०० रुपये होते. मी सहा महिन्यांनी द्यायला गेले तर वही सापडेना. मला आजही वाटतं की ती सापडत होती. पैसे मी दिले, तो भाग वेगळा. आणि मग २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी, पुन्हा गाळ, पुन्हा रद्दी आणि भुसा. यावेळी मात्र चाचा तेवढे हसत नव्हते. अशी खाती बघितलेल्या माणसाला मी शंभर रुपयांसाठी सोडलं होतं, हे जरा लक्षात ठेवून माझं परीक्षण वाचा.

धुराबद्दलही लिहिते, कारण त्यात मी भट्टीची बाजू घेणार नाही. समोरच्या माडीवरच्या काकूंना दमा आहे. त्यांच्या दोरीवरच्या साड्यांवर काजळी बसते. त्या भांडतात आणि त्यांचं बरोबर आहे. मुंबईत उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. तो आदेश मुंबईतला, पण चाचांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्यानं ती बातमी बापाला पाठवली आणि खाली लिहिलं, आता तरी बंद करा. चाचांनी गॅसच्या ओव्हनची चौकशी केली होती. आकडा ऐकून गप्प बसले. चौसष्टाव्या वर्षी कर्ज काढायचं ते कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर मला नाही सुचलं. जागाही भाड्याची. मालक इमारत पाडून नवी बांधायची म्हणतो, त्यात खाली गाळे निघणार आहेत. गाळ्यात घुमटाची भट्टी बसत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ओव्हनवाल्याकडं मिळत नाही, ती म्हणजे दिवाळीचे डबे. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपलं आपण साहित्य न्यायचं: मैदा किंवा कणीक, पिठीसाखर, तूप किंवा डालडा, वेलदोडा. सोबत तेलाचा मोकळा चौकोनी डबा, घासून वाळवलेला. भट्टीवर मळून, यंत्रातून पट्ट्या पाडून, भाजून देतात आणि किलोवर मजुरी घेतात. आमची आई बुधगावहून डोक्यावर डबा घेऊन सांगलीला यायची. मी बरोबर. रात्री भट्टीच्या पायरीवर बायकांची रांग बसायची, कुणाचं तूप किती, कुणाची बिस्किटं कशी फुटली, कुणाच्या सुनेनं साखर जास्त घातली, हे सगळं तिथं कळायचं. आपलंच साहित्य आपल्याला परत मिळतंय ना, म्हणून प्रत्येकीची नजर आपल्या पत्र्यावर. निघालेलं पहिलं बिस्किट गरम असतं तेव्हा मऊ लागतं आणि पोरांना वाटतं बिघडलं. गार झालं की खुसखुशीत होतं. मी त्या पायरीवर एकदा मोठ्यानं रडले होते, आमची बिस्किटं बिघडली म्हणून.

अजूनही डबे येतात, पण पूर्वी दिवाळीआधी पंधरा दिवस रात्रंदिवस भट्टी चालायची, गेल्या वर्षी पाच रात्री चालली. साहित्याला आणि मजुरीला मिळून जेवढे पैसे पडतात त्यात दुकानातले तयार पुडे जास्त येतात, हेही खरं आहे. ते मी मोजून बघितलंय.

यंदा चाचांनी सांगितलंय की दिवाळीचे डबे करतो, त्याच्या पुढचं विचारू नका. म्हणून मी आत्तापासून पर्याय शोधते आहे. चार ठिकाणचे ब्रेड आणून कटात टाकून बघितले, घड्याळ लावून. तीन तर दोन मिनिटांतच गेले. चौथा, एका अय्यंगार बेकरीचा, बरा निघाला, पण तो गोडसर आहे आणि तिखट कटाबरोबर गोड ब्रेड म्हणजे लग्नात रडणं. आमचे हे म्हणतात, पावावर जा, ब्रेड सोड. सतरा वर्षं ज्यांना ब्रेड दिला त्यांना काय सांगू?

तर जायचं असेल तर आत्ता जा. साडेपाचच्या आत, घरची पिशवी घेऊन, सुट्टे पैसे घेऊन. पाव आणि ब्रेड डोळे झाकून घ्या, टोस्ट घ्या, गुरुवार असेल तर बन. बाकी मी सांगितलंय. चाचांना 'अंकल' म्हणू नका, त्यांना ऐकू आलं नाही असं दाखवतात.

डबे दिवाळीच्या आधी दहा दिवस घ्यायला सुरुवात होते. आल्या क्रमानं भिंतीला लावून ठेवतात आणि झाकणावर खडूनं नाव घालतात. माझं नाव चाचा कधीच लिहीत नाहीत, 'मिसळ' लिहितात. तो डबा दिसला तर त्याच्या पुढं आपला सरकवू नका, मी मोजून ठेवते.